क्वार्टरबॅक आणि मामाचा घाम

कॉनराड तुस्कानो यांनी आयुष्यात स्वतःहून घेतलेला शेवटचा निर्णय म्हणजे मस्कतला यायचा, आणि नीट चौकशी केली तर तोही त्यांच्या सासऱ्यांचा निघाला असता. वसई सोडून ते मस्कतच्या रुवी भागातल्या एका एसी बसवणाऱ्या कंपनीत अ‍ॅडमिनच्या खुर्चीवर बसले आणि तिथे त्यांनी एक विद्या कमावली: भुवई वाचायची. अर्बाब, म्हणजे कंपनीचे ओमानी मालक, काचेच्या केबिनमध्ये बसत. कॉनराड बाहेरून फाइल उंच धरत. अर्बाबची उजवी भुवई वर गेली की काम आज करायचं, डावी गेली की उद्या, आणि दोन्ही गेल्या की फाइल घेऊन पँट्रीत चहा प्यायला जायचं. घरी हीच व्यवस्था इव्हॉन पाहत असे. तिला भुवईसुद्धा लागत नसे. ती नुसती बघायची, आणि कॉनराड हातातला शर्ट ठेवून दुसरा घालायचे.

असा हा सुखी माणूस. पण अर्बाब थकले, आणि त्यांचा मुलगा हिलाल अमेरिकेतून डिग्री घेऊन परत आला. डिग्री कशाची ते कोणालाच कळलं नाही. सोबत त्याने अंड्याच्या आकाराचा एक चेंडू आणलाय हे मात्र सगळ्यांना कळलं, कारण तो पहिल्याच दिवशी अकाउंट्सच्या प्रिंटरवर येऊन आदळला.

"फुटबॉल है," हिलालने खुलासा केला.

"सर, फुटबॉल तो गोल होता है," कॉनराड म्हणाले.

"ये अमेरिकन है."

अमेरिकन वस्तू अशीच का, हे विचारायचं नसतं, एवढं जग कॉनराडनी पाहिलं होतं.

मूळ खेळात म्हणे माणसं हेल्मेट घालून एकमेकांवर ट्रकसारखी आदळतात. मस्कतच्या कंपन्यांनी लीग सुरू केली होती ती त्याच्या सौम्य अवताराची, फ्लॅग फुटबॉलची. कोणी कोणाला धडकायचं नाही. प्रत्येकाच्या कमरेला दोन पट्ट्या लोंबत असतात. चेंडू ज्याच्या हातात, त्याची पट्टी ओढली की तो बाद. एका बाजूला पाच जण. त्यांतला एक क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात येतो आणि सात सेकंदांच्या आत त्याने तो पळणाऱ्या आपल्या माणसांपैकी एकाकडे फेकायचा. शेवटच्या रेषेपलीकडे झेल मिळाला की टचडाउन.

"क्वार्टरबॅक मतलब टीम का दिमाग," हिलाल म्हणाला. कंपनीत कमरेला पट्ट्या लावून पळायला माणसं मिळाली होती. दिमाग मिळत नव्हता.

इथे कॉनराडना आठवला व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो. त्यांच्या मोठ्या बहिणीचा मुलगा ब्रायन, कॉलेजच्या पोरांच्या खांद्यांवर बसलेला, आणि हातात हेच ते अंडं. खाली बहिणीने लिहिलं होतं: 'माझा बाळ तिसऱ्यांदा चॅम्पियन.'

"सर, मेरा भांजा है. नंबर वन क्वार्टरबॅक."

"सोचता है अपने आप? फील्ड पढ़ता है?"

"पढ़ता है, सर. मेरी गारंटी."

रुवीत गारंटी हा शब्द कोणी सहज उच्चारत नाही. एसी कंपनीत तर नाहीच; तिथे कॉम्प्रेसरचीसुद्धा एक वर्षापुरतीच देतात. कॉनराडनी मात्र अख्ख्या भाच्याची देऊन टाकली. झालं. ब्रायनला तीन महिन्यांच्या ट्रायलवर 'ट्रेनी एक्झिक्युटिव्ह' म्हणून बोलावलं गेलं. चालला तर पक्की नोकरी, नाही चालला तर परत वसई. आणि बहिणीने विमानतळावर पोचवताना गल्लीभर सांगून ठेवलं की पोराला 'प्रोफेशनल' म्हणून उचललंय.

ब्रायन आला. सहा फूट उंच, गोड स्वभावाचा, खांदे असे की फ्लॅटच्या दारातून तिरकं होऊन शिरावं लागे. हॉलमधल्या सोफ्यावर तो झोपायचा आणि त्याचे पाय टीव्हीच्या टेबलावर असायचे, त्यामुळे इव्हॉनला रात्रीची सिरीयल त्याच्या दोन अंगठ्यांच्या मधून बघावी लागे. तिने नुसतं बघितलं. कॉनराडनी ते बघणं बघून न बघितल्यासारखं केलं.

पहिली मॅच शहराबाहेर, अमेरातच्या बाजूच्या मैदानावर झाली. चेंडू ब्रायनच्या हातात आला. त्याने रुबाबात मान वळवली आणि मैदानाबाहेर बघितलं. बघतच राहिला. समोरून एक दाढीवाला धावत आला आणि दुकानातून पिशवी उचलावी तशी त्याची पट्टी काढून घेऊन गेला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ब्रायनने जोरात फेकला, सुंदर फेकला, बघणाऱ्यांनी 'वाह' म्हटलं, आणि चेंडू जिथे पडला तिथे दोन्ही टीमचं कोणीही नव्हतं. एक मांजर होतं, ते उठून गेलं.

पुढच्या मॅचेस याहून वेगळ्या झाल्या असं म्हणता येणार नाही. मांजर पुन्हा आलं नाही, एवढंच.

"काय रे बाबा," कॉनराडनी जेवताना विचारलं. सुरमईचं कालवण होतं. ब्रायनचा खुबूसचा, म्हणजे अरबी रोट्यांचा, दुसरा गठ्ठा चालू होता. "तू सारखा बाहेर कोणाला शोधतोस?"

"सरांना, मामा."

"कुठले सर?"

"आमचे कॉलेजचे. ते बाहेर उभे राहून चित्रांच्या फळ्या दाखवायचे ना. फणस, छत्री, एसटी."

इव्हॉनने डाव खाली ठेवला. "फणस?"

"फणस म्हणजे उजवीकडे लांब फेकायचा, मामी. छत्री म्हणजे डावीकडे जवळ. एसटी म्हणजे मधून सरळ. मग समोरच्या कॉलेजला फळ्या कळायला लागल्या, तर सरांनी हातांनी सुरू केलं. कपाळ पुसलं की फणस, नाक खाजवलं की छत्री, मान पुसली की एसटी."

"आणि तू काय करायचास?"

"फेकायचो."

"ठरवायचं कोण?"

"सर." ब्रायनला प्रश्नच कळला नाही. "आणि आमचा साई होता. सव्वासहा फूट. त्याच्या दिशेने वर टाकला की काम झालं. समोर पण कोण असायचं, मामा? हजेरी कमी पडलेली कॉमर्सची पोरं. ती पट्टी ओढायच्या ऐवजी स्वतःचा मोबाइल सांभाळायची. इथे तर सगळेच कुठल्या ना कुठल्या टीमचे कॅप्टन होते. माझा माणूस मोकळा दिसतो म्हणून हात वर करावा, तोवर त्याच्यापुढे दोघं उभे. आणि बाहेर बघावं तर सर नाहीत."

"म्हणजे तीन वर्षं चॅम्पियन झाले ते तुझे सर," इव्हॉन म्हणाली.

"त्यांना पण मेडल दिलं ना, मामी," ब्रायन निरागसपणे म्हणाला आणि कालवण वाढून घेतलं.

मैदानाबाहेरून खुणा करायला लीगमध्ये मनाई होती. हिलालचं तर स्पष्ट मत होतं की प्रोफेशनल तो, जो स्वतः बघतो आणि स्वतः ठरवतो. सूर शहरातून येणाऱ्या टीमशी मॅच होती, त्याच्या आदल्या दिवशी त्याने कॉनराडना केबिनमध्ये बोलावलं. कॉनराडनी सवयीने भुवयांकडे बघितलं. नव्या अर्बाबच्या भुवया हलतच नसत. तो सगळं तोंडाने बोलायचा. कॉनराडना ते फार असभ्य वाटे.

"कॉनराड, कल जीतेगा तो पक्का. हारेगा तो खलास, वापस घर. तुम्हारा गारंटी था."

घरी येऊन त्यांनी इव्हॉनला सांगितलं. "बहिणीला काय तोंड दाखवू?"

"तोंडाचं जाऊ दे," इव्हॉन म्हणाली, "पोराचं काय ते बघ. तिकडे जाऊन तो परत सर शोधत बसेल." मग सोफ्याकडे नजर टाकून तिने उसासा सोडला. तो नेमका कशासाठी होता हे मात्र कॉनराडना वाचता आलं नाही.

शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी रुवीच्या चर्चमध्ये मिस्सा झाली. कॉनराडनी प्रार्थनेत देवाला सविस्तर परिस्थिती सांगितली, फणस-छत्रीसकट. संध्याकाळी सगळे मैदानावर. एप्रिल होता, सूर्य डोंगराला टेकला होता, पण उकाडा कशाला टेकेल! इव्हॉन घडीच्या खुर्चीवर, पायाशी बर्फाच्या पाण्याचा डबा. तिच्या पुढे, रेषेला लागून, कॉनराड उभे. खांद्यावर नॅपकिन.

सूरची माणसं धिप्पाड होती. गेल्या मॅचमध्ये त्यांनी ब्रायनला पाहिलं होतं आणि पुरतं ओळखलं होतं: हा आधी बाहेर बघतो, आणि मग ज्याच्याकडे डोळे लावतो, त्याच्याकडेच फेकतो. म्हणून ते ब्रायनच्या डोळ्यांवर डोळे ठेवून तयार राहिले.

चेंडू ब्रायनच्या हातात आला. त्याने सवयीने बाहेर बघितलं. कॉनराडनी कपाळ पुसलं. ब्रायनचा हात आपोआप मागे गेला आणि चेंडू उजवीकडे लांब सुटला. तिकडे कंपनीचा एक टेक्निशियन एकटाच पळत होता, त्याने झेलला. टाळ्या!

पुढच्या वेळी कॉनराडनी मान पुसली. चेंडू मधून सरळ. मग नाकावर माशी बसली, ती त्यांनी उडवली. डावीकडे जवळ. टचडाउन!

सूरच्या माणसांची पंचाईत झाली. हा पोरगा बघतो कुठेतरी डबेवाल्या बाईच्या दिशेला आणि फेकतो भलतीकडेच. त्याच्या मनात काय आहे हे ओळखायला ते जिवाचं रान करत होते आणि त्याच्या मनात काहीच नव्हतं. पुढचा डाव कुठे पडणार हे ब्रायनला ठाऊक नव्हतं, कॉनराडना ठाऊक नव्हतं. ते फक्त कॉनराडच्या घामाच्या ग्रंथींना ठाऊक होतं.

मध्यंतराला आपली टीम पुढे होती. हिलाल नाचत होता. ब्रायन पाणी प्यायला आला आणि मामाच्या गळ्यातच पडला.

"मामा, कसलं भारी! सरांपेक्षा तुमचं टायमिंग बेस्ट. ती शेवटची छत्री तर..."

"कसली छत्री?"

"नाक खाजवलंत ना."

कॉनराडच्या हातातला पेला तसाच राहिला. "अरे, माशी होती ती!"

ब्रायनचं तोंड उघडं पडलं. "मग फणस?"

"घाम!"

"एसटी?"

"तोही घामच, गाढवा!"

इव्हॉनने शांतपणे पेला काढून घेतला. "आता हे पोराला सांगायची काय गरज होती?" ती म्हणाली. "चांगला घाम येत होता."

मध्यंतरानंतरचा खेळ सुरू झाला आणि कॉनराड तुस्कानो यांना शरीर असल्याची प्रथमच जाणीव झाली. आजवर ते त्यात नुसते राहत होते. आता प्रत्येक अवयव म्हणजे जबाबदारी. कपाळ पुसावं तर फणस. पुसू नये तर घाम डोळ्यांत. मानेवर काहीतरी वळवळलं. एसटी गिळून ते उभे राहिले. नाकाच्या शेंड्याला अशी खाज सुटली की आजवरच्या सगळ्या खाजा त्यापुढे खेळातल्या वाटाव्यात. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि पुतळा झाले.

ब्रायन बघायचा. पुतळा. पुन्हा बघायचा. पुतळा. सात सेकंद जायचे, पट्टी जायची. सूरने एक टचडाउन केलं, मग दुसरं. ते पुढे गेले.

शेवटी कॉनराडना राहवलं नाही. मुद्दाम, ठरवून, त्यांनी मान पुसली. पण घाम पुसणारा माणूस आणि घाम पुसण्याचं नाटक करणारा माणूस यांत फरक असतोच. रेफ्रीने लगेच शिट्टी मारली.

"अंकल! नो सिग्नल!"

"घाम है, भाई! पसीना!"

"पहले ऐसा नहीं था आपका पसीना," रेफ्री म्हणाला. "एक बार और, तो टीम बाहर."

हिलालने कॉनराडकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची एक भुवई वर गेली. कोणती, ते बघायचं धैर्य कॉनराडना झालं नाही.

आता एकच डाव उरला होता. टचडाउन झालं तर जिंकू, नाहीतर खलास. चेंडू ठेवला गेला. ब्रायनने बाहेर बघितलं, आणि त्या नजरेत कॉनराडना काय दिसलं असेल तर ते स्वतः दिसले: काचेबाहेर, फाइल उंच धरून, भुवईची वाट बघत. इतकी वर्षं त्यांनी अशीच काढली होती आणि त्यात काही वाईट झालं नव्हतं. पण पोरगं बावीस वर्षांचं होतं. आणि नाक आता कोणत्याही क्षणी खाजवलं जाणार होतं.

कॉनराडनी इव्हॉनला विचारलं नाही. देवाला विचारलं नाही. त्यांनी सरळ मैदानाकडे पाठ फिरवली.

फिरवली आणि दोन्ही हातांनी मनसोक्त नाक खाजवलं.

समोर इव्हॉन बसली होती. म्हणून शेवटचा डाव कॉनराडनी पाहिला तो बायकोच्या चेहऱ्यावर. आधी तिने ओठ आवळले: म्हणजे चेंडू ब्रायनच्या हातात. मग तिने डोळे बारीक केले: म्हणजे तो अजून कॉनराडच्या पाठीकडे बघतोय. मग तिचा हात गळ्यातल्या क्रूसाकडे गेला. सूरचा कोणी दाढीवाला निघाला असणार. मग अचानक तिच्या कपाळावर एक आठी आली, जी कॉनराडनी लग्नानंतर कधीच पाहिली नव्हती. ती होती आश्चर्याची.

"काय? काय?" ते ओरडले.

"नूरुद्दीन!" इव्हॉन किंचाळली.

नूरुद्दीन हा कंपनीचा स्टोअरकीपर. देहाने गोल, स्वभावाने सावध. पाचवा माणूस हवा म्हणून त्याला घेतलं होतं आणि कोपऱ्यात उभा राहा म्हणून सांगितलं होतं. तो इमानदारीने प्रत्येक मॅचला कोपऱ्यात उभा राहत असे. त्याच्याकडे कोणी चेंडू फेकला नव्हता, म्हणून त्याच्यासाठी सूरने माणूस ठेवला नव्हता. तो शेवटच्या रेषेच्या पलीकडे उभा राहून, मॅच संपली की घरी कोणाच्या गाडीतून जायचं याचा विचार करत होता. चेंडू येताना त्याला दिसला आणि भीतीने त्याने दोन्ही हात पोटाशी धरले. हात आणि पोट यांच्यामध्ये चेंडू होता.

टचडाउन.

त्यानंतर जे झालं ते कोणालाच नीट आठवत नाही. नूरुद्दीन चेंडू सोडायला तयार नव्हता. माझ्याकडे आलाय, आता स्टोअरमध्ये जमा करतो म्हणत होता. हिलालने रेफ्रीला मिठी मारली. ब्रायन धावत आला. या वेळी तो गळ्यात पडला नाही. समोर उभा राहिला, धापा टाकत.

"मामा, पाठीची फळी नव्हती हो सरांकडे."

"माहीत आहे रे."

"मला कळेना काय करायचं. पाठ म्हणजे काय? मग म्हटलं, जाऊ दे, समोर बघतो." त्याने वळून मैदानाकडे बघितलं. "मामा, समोर किती माणसं असतात! मी कधी बघितलंच नव्हतं. आणि त्यांत नूरुद्दीनभाई नुसतेच उभे."

"मग मला कशाला सांगतोस? त्यांना सांग," कॉनराड म्हणाले आणि नॅपकिनने तोंड पुसलं. तोंडाबरोबर डोळेही पुसले गेले. ब्रायनने ती खूण पाहिली, पण ती कशाची, हे त्याने विचारलं नाही.

एवढ्यात हिलाल आला. "कॉनराड! तुम्हारा गारंटी पास. ब्रायन पक्का. यल्ला, अभी एक बात बोलो. उसका रूम. कंपनी का वादी अदाई में क्वार्टर खाली है. वहाँ रहेगा, कि तुम्हारे घर में?"

कॉनराडनी सवयीने मान वळवली आणि इव्हॉनकडे बघितलं.

इव्हॉन त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. खुर्ची मिटत होती. ती खुर्ची एरवी अर्ध्या क्षणात मिटते. आज मिटत नव्हती.

कॉनराडना सोफा आठवला. टीव्हीसमोरचे दोन अंगठे आठवले. मग कालवण वाढताना इव्हॉनचा हात कसा सैल सुटतो आणि सुरमईचा डोक्याकडचा तुकडा ती हल्ली कोणाच्या ताटात घालते, तेही आठवलं. आधीचा उसासाही आठवला. त्याचा अर्थ त्यांना अजून लागला नव्हता. पाठ काही म्हणजे काही बोलत नव्हती. समोर हिलाल, त्याच्या मागे दाढीवाल्यासारखी धावत येणारी वेळ.

"वादी अदाई," कॉनराड म्हणाले. आणि श्वास घेऊन, "लेकिन शुक्रवार को खाना हमारे घर. हर शुक्रवार. पक्का."

"खलास, ठीक है," हिलाल म्हणाला आणि गेला.

खुर्ची खाडकन मिटली. इव्हॉन वळली. चेहऱ्यावर काहीही नव्हतं, भुवया जागच्या जागी.

"बरोबर केलं ना मी?" कॉनराडनी विचारलं.

"डबा उचल," ती म्हणाली.

गाडीत ब्रायन मागे झोपला, पाय दोघांच्या मध्ये पुढे आले. रुवीचा चौक येईपर्यंत कॉनराडनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा इव्हॉनने रुमाल काढला आणि सावकाश कपाळ पुसलं.

कॉनराडनी गाडी उजवीकडे घेतली. घर डावीकडे होतं.